पावडर बोर्डचं नोज पुन्हा पुन्हा उकलतंय? चिकटवण्याआधी सुटलेला थर वाचा

घरी बांधलेल्या पावडर स्नोबोर्डबद्दल, म्हणजे खोल, मऊ बर्फासाठीच्या बोर्डबद्दल, एक तक्रार सतत येते. प्रेसमधून (थर साच्यात दाबून चिकटवणाऱ्या यंत्रातून) निघाला तेव्हा बोर्ड एकदम नीट होता, मऊ बर्फावर छान तरंगलाही, आणि मग एके दिवशी वॅक्स करताना नोजच्या, म्हणजे पुढच्या वर वळलेल्या टोकाच्या, कडेला नखभर फट दिसली. फटीत इपॉक्सी (दोन द्रव मिसळून घट्ट होणारा गोंद) भरली, क्लॅम्प आवळले, दुसऱ्या दिवशी सांधा पक्का. पुढच्या काही फेऱ्यांत तीच फट त्याच जागी उघडली, या वेळी बोटभर. पुन्हा इपॉक्सी, पुन्हा क्लॅम्प. शेवटी नवा बोर्ड बांधला, इपॉक्सी सढळ हाताने वापरली, दाब वाढवला, आणि त्याचंही नोज उकललं.

नोज उकलण्याची कारणं पाच-सहा आहेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, पण बाहेरून सगळी फट सारखीच दिसते. कारण ओळखू येतं ते फक्त सुटलेल्या दोन पृष्ठभागांवरून, आणि घाईघाईने दुरुस्ती करताना आपण नेमका तोच पुरावा इपॉक्सीखाली झाकून टाकतो. म्हणून फट दिसली की सिरिंज हातात घेण्याआधी ती उघडून वाचायची. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढचा बोर्ड वाचतो तो याच अर्ध्या तासामुळे.

थरांचा क्रम एकदा नजरेसमोर आणू. सगळ्यात खाली सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पॉलिथिलीनचा बेस. त्याच्या कडेने साधारण दोन मिलिमीटर उंचीची स्टीलची एज, आणि एजच्या दातांवर रबराची पातळ पट्टी. त्यावर काचेच्या तंतूंचं कापड, मग लाकडाचा कोअर, म्हणजे गाभा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना साइडवॉल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या, पुन्हा काचेचं कापड, आणि शेवटी टॉपशीट, म्हणजे वरून दिसणारा थर. म्हणजे मुख्य सांधे चार, शिवाय एजभोवतीचे लहान सांधे वेगळे. यांतला कोणता सुटला हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

पावडर बोर्डच्याच नोजला हा त्रास जास्त का होतो, तेही समजून घ्या. मऊ, खोल बर्फावर तरंगण्यासाठी नोज रुंद ठेवतात, ३०० मिलिमीटरच्या वर सहज जातं, आणि शेपूट त्याहून दहा-पंचवीस मिलिमीटर अरुंद. नोजचं वळण लवकर सुरू होतं आणि लांबवर चढत जातं. पायाखाली सात-आठ मिलिमीटर असलेला कोअर टोकापर्यंत जेमतेम दोन मिलिमीटरवर आलेला असतो. मोठं क्षेत्रफळ, पातळ लाकूड, सतत वाकणं आणि साच्यातला वळणदार भाग, जिथे दाब नीट पोचवणं सगळ्यात कठीण. नेहमीच्या सपाट बोर्डमध्ये खपून गेलेली चूक इथे खपत नाही.

फट उघडायची कशी

बोर्ड किमान दोन दिवस कोरड्या, उबदार खोलीत ठेवा. ओल्या फटीत काहीच वाचता येत नाही. मग प्लास्टिकच्या किंवा बांबूच्या पातळ पाचरी घ्या आणि फट जिथे आधीच सुटली आहे तिथवरच हळूच रुंदावत न्या. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्याने धड असलेला भागही फाटतो आणि मग कोणतं नुकसान जुनं, कोणतं नवं, हे सांगता येत नाही. थर आपणहून अडेल तिथे थांबा आणि त्या जागी पेन्सिलने खूण करा.

आता टॉर्च अगदी आडवा धरून दोन्ही बाजू बघा. वरून सरळ प्रकाश टाकला तर सगळं सपाट आणि चकचकीत दिसतं. तिरप्या उजेडात मात्र तंतूंची नक्षी, बुडबुड्यांचे खड्डे, लाकडाची रोवं, सगळं उठून दिसतं. भिंग असेल तर उत्तम. फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे, कारण पुढे पॉलिश पेपर फिरला की हे परत दिसणार नाही.

बेस काचेसारखा स्वच्छ निघाला असेल

सगळ्यात नेहमीचा प्रकार हाच. बेसवर इपॉक्सीचा कणही नाही, आणि समोर कापडावरच्या इपॉक्सीवर बेसचा हुबेहूब ठसा उमटलेला, गुळगुळीत आणि चमकदार. ठसा उमटला म्हणजे दाब होता, इपॉक्सीही पुरेशी होती. ती बेसला धरूनच बसली नाही.

पॉलिथिलीनला कुठलाही गोंद सहज धरत नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की पातळ इपॉक्सीसुद्धा त्यावर पसरण्याऐवजी आखडून बसते. हाच गुण बर्फावर घसरायला कामाचा, आणि चिकटवताना आडवा येणारा. म्हणून स्नोबोर्डसाठी मिळणारा बेस एका बाजूने खरवडून ज्योतीने भाजलेला असतो. ती बाजू मंद दिसते, दुसरी थोडी तुकतुकीत. पण ज्योतीचा हा परिणाम कायमचा नसतो. ताव बरेच महिने गुंडाळून पडला, त्यावर धूळ बसली, कापताना हात लागले, की तो ओसरतो. बेस नवा आहे, कारखान्यातून तयार होऊन आला आहे, एवढ्यावर विसंबणं मला पटत नाही. ले-अपच्या, म्हणजे थर रचून चिकटवण्याच्या, दिवशी तपासायचाच.

तपासणी सोपी आहे. चिकटवायच्या बाजूवर स्वच्छ पाणी ओता आणि ताव तिरपा धरा. पाण्याचा अखंड पापुद्रा पसरून तसाच टिकला तर पृष्ठभाग तयार आहे. पाणी लगेच थेंबाथेंबात गोळा झालं तर नाही. बऱ्याचदा मधला भाग पास होतो आणि कडेची दोन बोटं नापास, कारण एज बसवताना हात तिथेच सर्वाधिक लागलेले असतात. उकलायला सुरुवातही तिथूनच होते.

इलाज असा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं खरवडा, भुसभुशीत झालेली रोवं काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या. अल्कोहोलची बाटली आणि फडकं खोलीबाहेर नेऊन ठेवल्याशिवाय ज्योत पेटवू नका. मग ब्लोटॉर्चची ज्योत निळी, भरपूर हवेची ठेवा, पिवळी ज्योत काजळी सोडते. तिच्या निळ्या टोकाने पृष्ठभागावरून भरभर, एकसारख्या वेगाने हात फिरवा. ताव तापवायचा नाही, वरचा सूक्ष्म थर तेवढा बदलायचा आहे. बेस वाकला किंवा चमकू लागला तर हात हळू पडला. पुन्हा पाणी ओतून बघा, पाणी पुसून ताव कोरडा होऊ द्या, आणि त्याच दिवशी ले-अप करा. ज्योतीनंतर त्या बाजूला उघड्या बोटाने शिवायचं नाही, एज चिकटवतानासुद्धा हातमोजे.

नोजच्या टोकात कोअरच्या पुढे प्लास्टिकचा तुकडा घातला असेल आणि तो याच पॉलिथिलीनचा असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना आणि कोअरला भिडणाऱ्या कडेलाही हेच सगळं करावं लागतं. बेसची इतकी काळजी घेणारे लोक हा तुकडा मात्र तसाच उचलून ठेवतात. साइडवॉललाही तोच नियम. एबीएस नावाचं प्लास्टिक असेल तर काम सोपं, नुसतं खरवडून पुसलं तरी इपॉक्सी चांगली धरते.

तंतू पांढरे आणि कोरडे दिसत असतील

सुटलेल्या बाजूवर कापडाचे धागे मोकळे, पांढरट, जवळजवळ कोरडे दिसले तर सांधा उपाशी राहिला. इपॉक्सी कमी पडली, किंवा होती ती लाकडाने पिऊन टाकली. पाउलोनिया, पॉप्लर ही हलकी लाकडं वजनासाठी चांगली, पण तहानलेली. कोअरच्या पातळ टोकात तर लाकडाचे तंतू तिरपे कापले गेलेले असतात, त्यांची उघडी तोंडं इपॉक्सी आत ओढत राहतात.

कोअरच्या दोन्ही बाजूंना आधी इपॉक्सीचा एक पातळ हात द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, जिथे लाकूड पुन्हा मंद दिसू लागेल तिथे अजून द्या, आणि मगच कापड ठेवा. कापडाच्या वजनाइतकी इपॉक्सी हा हिशेब सुरुवातीला बरोबर बसतो. म्हणजे चौरस मीटरला ७५० ग्रॅमचं त्रिअक्षीय (तीन दिशांना धागे असलेलं) कापड असेल तर चौरस मीटरमागे तितकीच इपॉक्सी. प्रेसमध्ये जास्तीची बाहेर येईल, येऊ द्या. लाकडाला पाजलेली इपॉक्सी मात्र या हिशेबात धरू नका, ती वेगळी.

चिकट किंवा मऊ

नख दाबल्यावर इपॉक्सीत वण उठतो? मग ती पूर्ण घट्ट झालेलीच नाही. पहिला संशय रेझिन आणि हार्डनर या इपॉक्सीच्या दोन भागांच्या मापावर. बाटलीवरचं प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे पुन्हा वाचा. रेझिनचं वजन मिलिलिटरला साधारण १.१५ ग्रॅम आणि हार्डनरचं ०.९७ ग्रॅम धरलं, तर आकारमानाने २:१ म्हणजे वजनाने १००:४२. काट्यावर १००:५० घेतलं तर हार्डनर जवळजवळ एक पंचमांश जास्त गेलं. जास्त हार्डनरने इपॉक्सी लवकर घट्ट होत नाही, उरलेलं हार्डनर तसंच आत अडकून तिला मऊ ठेवतं. दुसरा संशय ढवळण्यावर: भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून ढवळा, मग दुसऱ्या भांड्यात ओतून परत ढवळा. तिसरा थंडीवर. गारठलेल्या खोलीत इपॉक्सी कडक झाल्यासारखी वाटते पण आतून कच्ची राहते. कच्च्या सांध्यावर नवी इपॉक्सी ओतून काही साधत नाही, कच्ची खरवडून काढावीच लागते.

गुळगुळीत, फुगीर, बुडबुड्यांनी भरलेली इपॉक्सी

हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो चांगल्या कारागिरांनाही गाठतो. बेस तयार होता, माप अचूक होतं, इपॉक्सी भरपूर होती, तरी सुटलेल्या बाजूवर इपॉक्सीचा मोकळा, लाटालाटांचा पृष्ठभाग दिसतो. त्यावर समोरच्या थराचा ठसाच नाही. याचा अर्थ ते दोन थर तिथे कधी भेटलेच नाहीत. सांधा सुटला नाही, तो झालाच नव्हता.

ही पोकळी कुठे पडते ते लक्ष देऊन बघा. अगदी टोकाला क्वचित. जिथे सपाट भाग संपून नोज वर वळू लागतं, तिथे, आणि कोअरच्या खालच्या अंगाला. कारण साधं आहे. साचा तिथे अंतर्वक्र असतो. ताठ लाकडी पट्टी त्यावर ठेवली की ती वळणाच्या दोन्ही बाजूंना टेकते आणि मधल्या खोलगट भागावर पुलासारखी आडवी राहते. दाब पुरेसा असेल तर ती खाली बसते, नसेल तर खालच्या थरांपासून केसभर वर राहते, आणि ती केसभर जागा इपॉक्सी आणि हवा भरून काढतात. दाब काढल्यावर लाकूड परत सरळ व्हायला बघतं आणि उरलेला सांधाही ताणात राहतो. असा बोर्ड बर्फावर जाण्याआधीच उकलायला निघालेला असतो.

व्हॅक्यूम बॅगने, म्हणजे पिशवीतली हवा खेचून दाब देत, बांधणाऱ्यांना हे जास्त भोवतं. व्हॅक्यूमचा दाब समुद्रसपाटीलाही चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमी. २५०० मीटर उंचीवर बांधत असाल तर तो पाऊण किलोवर येतो, कारण बॅगवर दाबणारी हवाच विरळ असते. हवेच्या नळ्यांच्या प्रेसमध्ये तीन-चार किलो सहज मिळतो. तरीही मी व्हॅक्यूमला नावं ठेवणार नाही. ताठ कोअरला जबरदस्तीने वाकवायचं काम त्याच्यावर टाकू नये, एवढंच.

म्हणून ले-अपच्या आधी एक कोरडी चाचणी करा. कोअर नुसता साच्यावर ठेवा आणि नोजच्या वळणापाशी दोन बोटांनी दाबा. बोटांच्या जोराने तो पूर्ण बसला तर व्हॅक्यूम पुरेल. तळहाताचा भार द्यावा लागला तर कोअर आधी वाकवून घ्यायला हवा. वाफेवर किंवा गरम ओल्या फडक्याखाली मऊ करून साच्यावर बांधून ठेवा आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, आर्द्रता परत ८ टक्क्यांच्या आसपास यायला काही दिवस लागतात आणि ओलसर लाकूड इपॉक्सीला वेगळाच त्रास देतं. दुसरा मार्ग म्हणजे पायाखालून नोजकडे जाडी लवकर उतरवणं, म्हणजे वळण सुरू होतं तिथे कोअर आधीच लवचीक झालेला असेल. यात नोज थोडं मऊ होतं, पण खोल बर्फात मऊ नोज वाईट नाही.

प्रेस वापरत असाल तर वरचा साचाही तपासा. खालच्या साच्याचीच नक्कल करून वरचा कापला तर वळणावर फसगत होते, मध्ये बोर्डची जाडी आहे आणि ती नोजकडे कमी होत जाते. दोन साच्यांमध्ये मातीचे किंवा पुट्टीचे गोळे ठेवून, पातळ प्लास्टिकने झाकून, कोरडाच दाब द्या. बाहेर काढून गोळ्यांची जाडी कॅलिपरने मोजा. कोअर, कापड, बेस मिळून त्या जागी जेवढी जाडी हवी त्यापेक्षा गोळा जाड निघाला, तर तिथे दाब पोचत नाही. मग त्या भागावर रबराची पट्टी घालून कसर भरून काढा.

लाकडाची रोवं इपॉक्सीला चिकटून आली असतील

मग इपॉक्सीने काम चोख केलं, फाटलं ते लाकूड. बहुतेकदा आत पाणी शिरलेलं असतं. रंग करडा पडला आहे का, रोवं बोटाने चुरगळतात का, बघा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि लाकूड ओल्याने आडवं फुगतं. हे चक्र दर फेरीला चालू राहिलं की धड सांधाही मोकळा होतो. अशा वेळी फट हा परिणाम आहे, पाणी शिरायची वाट दुसरीकडे शोधायला हवी: बाइंडिंगचे (बूट बोर्डला अडकवणाऱ्या भागाचे) इन्सर्ट, म्हणजे स्क्रूच्या जागा, टॉपशीटवरचा खोल ओरखडा, साइडवॉलचा सांधा, किंवा एज जिथे संपते तो बिंदू.

तो शेवटचा बिंदू जरा थांबून बघण्यासारखा आहे. पावडर बोर्डमध्ये वजन वाचवायला एज नोजभोवती गुंडाळत नाहीत, बर्फाला टेकणाऱ्या भागाच्या पुढे थोड्या अंतरावर ती संपवतात. निर्णय चांगलाच आहे. पण आखणी करताना त्याच रेषेवर कोअर संपून टोकाचा प्लास्टिकचा तुकडा सुरू होतो, आणि त्याच रेषेवर नोजचं वळणही सुरू होतं. ताठपणा बदलणाऱ्या तीन गोष्टी एका रेषेत आल्या की बोर्ड तिथेच मोडून वाकतो, आणि दर वेळी वाकताना तिथलाच सांधा उचकटतो. पुढच्या बोर्डमध्ये या तिन्ही जागा एकमेकींपासून किमान चार-पाच सेंटिमीटर सरकवा. कोअर आणि तुकड्याचा सांधा सरळ काटकोनात न ठेवता लांब तिरपा किंवा दातेरी कापा. एजचं टोक कानशीने निमुळतं करून आत वळवा, आणि रबराची पट्टी त्या टोकाच्या पुढेही बोटभर जाऊ द्या.

एजच उघडी पडली असेल

स्टील स्वच्छ आणि चमकदार निघालं तर त्यावर तेल होतं. एज तयार होताना आणि साठवताना तेलाचा हात असतोच. ॲसिटोनने पुसा, दातांवर पॉलिश पेपर फिरवा, परत पुसा. आणि रबराची पट्टी वगळू नका. स्टील आणि पॉलिथिलीन तापमानाला अगदी वेगवेगळं वागतात. दीड मीटर लांबीचा बेस ५० अंशांनी थंड झाला तर मोकळा असल्यास अकरा मिलिमीटरच्या आसपास आखडेल, तेवढीच स्टीलची एज एक मिलिमीटरसुद्धा नाही. चिकटलेल्या अवस्थेत हा सगळा फरक सांध्यावर ताण म्हणून बसतो. रबर तो थोडा पोटात घेतं. गरम करून घट्ट करत असाल तर हाच हिशेब लक्षात ठेवून, बोर्ड प्रेसमध्येच हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ द्या. ऊन ऊन बाहेर काढलेला बोर्ड वाकडा तरी होतो किंवा कडेने सुटतो तरी.

बांधकाम बरोबर असूनही सुटत असेल

मग बेसवर वॅक्स वितळवून लावायची इस्त्री तपासा. इस्त्री १२०-१३० अंशांवर असते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. पायाखाली जाड कोअर आहे, उष्णता पसरायला वाव आहे. नोजवर बेसच्या वर जेमतेम तीन-चार मिलिमीटर माल, तो क्षणात तापतो. इस्त्री नोजवर रेंगाळू देऊ नका. टॉपशीटला हात लावल्यावर ऊब जाणवली तर पुरे झालं. बांधतानाच ६० अंशांवर काही तास शेक दिला, अर्थात तुमच्या इपॉक्सीच्या माहितीपत्रकात तसं सांगितलं असेल तर, तिची मऊ पडण्याची मर्यादा वर जाते. शेक साच्यात बांधलेला असतानाच द्यायचा.

अजून एक सवय सोडा. बोर्ड एकावर एक रचून नोज सपाट दाबून बांधणं. वर वळलेलं नोज खाली दाबलं की वळण उलगडतं, आणि उलगडताना वळणातले थर एकमेकांपासून दूर ओढले जातात. बर्फ नोजला वर ढकलतो तेव्हा उलट होतं, थर एकमेकांवर दाबले जातात. त्यामुळे बर्फात टिकलेलं नोज कधी कधी पट्ट्यांनी आवळून ठेवल्यावर सुटतं.

पट्टी सोलून बघण्याची चाचणी

पुढचा बोर्ड बांधण्याआधी ही एक चाचणी कराच. त्याच बेसचा, त्याच कापडाचा, त्याच इपॉक्सीचा हातभर नमुना बनवा. एका टोकाला चिकटपट्टी लावून तेवढा भाग सुटा ठेवा. ज्या तापमानाला, ज्या दाबाखाली बोर्ड बांधणार, त्यातच तो घट्ट होऊ द्या. मग २५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, सुट्या टोकाला पक्कडीत धरा आणि बेस मागे दुमडून सोला.

बेस कागदासारखा सरसर निघून आला तर बोर्डचंही तेच होणार. चांगल्या सांध्यात बेस ताणून पांढरा पडतो, निघताना काचेचे तंतू उपटून आणतो, किंवा पक्कडच निसटते. एक पट्टी तशीच सोला, एक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढल्या काढल्या, आणि एक दोन दिवस पाण्यात बुडवून. खोलीत उत्तम वाटलेला सांधा थंडीत तडकन सुटताना दिसला, तर इपॉक्सी फार ठिसूळ आहे. थोडी लवचीक, चिवट जातीची घ्या.

आता हातातला बोर्ड

कारण कळलं की दुरुस्तीही बदलते. पोकळी किंवा उपाशी सांधा असेल तर सिरिंज चालते: फट पाचरींनी उघडी ठेवा, दुमडलेला ८० नंबरचा पेपर आत फिरवून दोन्ही बाजू खरवडा, भुगा हवेने उडवा, अल्कोहोलने धुऊन वाळू द्या. इपॉक्सी कोमट करून सिरिंजने भरा आणि हवेच्या हलक्या झोताने आतपर्यंत ढकला. दुसऱ्या कडेने ती बाहेर डोकावली की पाचरी काढा.

स्वच्छ निघालेल्या बेसला मात्र नुसती सिरिंज पुरत नाही, आणि वारंवार उघडणाऱ्या दुरुस्त्या बहुतेक याच असतात. तिथे बेस अडेल तिथपर्यंत सोलून मागे वाकवा, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घालून लाकूड आणि कापड झाका, आणि बेसच्या आतल्या बाजूला खरवडून ज्योत दाखवा. पाण्याची चाचणी इथे करू नका, ओल कोअरमध्ये जाईल. तिथे अल्कोहोलचा एक थेंबही नसल्याची खात्री करूनच पेटवा.

क्लॅम्प लावताना नोजच्या वळणाला बसतील असे लाकडी ठोकळे कापून घ्या, सपाट फळीने वळण उलगडतं. मध्ये वॅक्सचा कागद. क्लॅम्प इतकेच आवळा की कडेने इपॉक्सीची बारीक रेघ उमटेल. जीव खाऊन आवळले तर सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा पुन्हा उपाशी राहतो. ३०-४० अंशांची ऊब देऊन पूर्ण दिवस हात लावू नका.

टोकाचं लाकूडच कुजलं असेल तर भरत बसू नका. एज नोजभोवती नसेल तर दोन-तीन सेंटिमीटर कापून टाका आणि नोजला नवा गोल द्या. रुंद नोज असलेल्या बोर्डला तेवढ्याने तरंगताना जाणवेल असा फरक पडत नाही. शेपटीचंही तेच करता येतं. १९७०च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांच्या विंटरस्टिक बोर्डांनी दुभंगलेली शेपूट लोकांसमोर आणली, तेव्हापासून ती पावडर बोर्डची ओळखीची खूण आहे, आणि सुटलेल्या शेपटीचा मधला भाग व्ही आकारात कापला की बऱ्याचदा खराब भागच निघून जातो. फक्त खाचेचा कोपरा टोकदार ठेवू नका, तिथे आधी गोल भोक पाडून मग त्या भोकापर्यंत कापा, नाहीतर पुढची चीर तिथूनच धावते. कापलेल्या कडेला लाकडाचे तंतू उघडे पडतात. तिथे इपॉक्सीचे दोन हात द्या. पहिला लाकूड पिऊन टाकतं, म्हणून तो चिकट असतानाच दुसरा.